गावाची ओळख करून देणारी दुर्लक्षित पुस्तके

अध्यापनाची परीक्षा देणाऱ्या उमेदवारास मराठी ग्रंथांची नावे व त्यांची प्रकाशनवर्षे बहुधा मुखोद्गत असतात. ‘गाव-गाडा’ हा ग्रंथ कोणाचा, असा प्रश्न आला की ‘त्रिंबक नारायण आत्रे, १९१५’ असे बिनचूक उत्तर लिहिले जाते आणि त्याचा गुणही पदरात पडतो. ग्रंथाचा व परीक्षार्थीचा संबंध तेथेच संपतो. पुढे एखाद्या आडगावी नेमणूक होते. ज्या गावगाड्याचे नाव उत्तरपत्रिकेत लिहिले, त्याच्याच खुणा बाळगणाऱ्या गावात शिक्षकाची वीस-वीस वर्षे जातात. परंतु पुस्तक मात्र उघडले जात नाही. नावाने सर्वांस परिचित आणि वाचनाने फार थोड्यांस परिचित, अशा काही पुस्तकांचा येथे विचार करावयाचा आहे.

आत्रे (१८७२–१९३३) महसूल खात्यात नोकरीस होते. कामानिमित्त त्यांना खेडी हिंडावी लागली व जे दिसले ते त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, या दोन शब्दांपासून आरंभ करून वतने, कारू-नारूंचे हक्क, दुकानदारी, फिरस्ते असा सारा गाव त्यांनी वाचकापुढे मांडला आहे. कुणब्याच्या खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर किती जणांचा हक्क पोचतो आणि रास घरी येईपर्यंत तिचे काय उरते, याचा त्यांनी मांडलेला हिशेब शिक्षकांनी अवश्य पाहावा. काम नीट होवो वा न होवो, हक्क मात्र वंशपरंपरेने चालूच राहतो, यावर त्यांचा मुख्य रोख आहे. विषय अर्थशास्त्राचा असला तरी भाषा रुक्ष नाही. शेतीची अवजारे, देण्याघेण्याचे प्रकार, गावकामगारांचे व्यवहार यांचे शेकडो शब्द या ग्रंथात आपापल्या जागी नांदत आहेत. त्यांतील बरेचसे शब्द आज गावातील वृद्धांच्याच बोलण्यात सापडतात. एखादे प्रकरण वाचून त्यातील दहा शब्द मुलांकरवी आजी-आजोबांना विचारून आणविले, तर भाषेचा एक उत्तम पाठ आयताच तयार होतो.

मात्र हा ग्रंथ डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नाही. आत्र्यांची सहानुभूती कष्टकरी कुणब्याकडे आहे आणि ती खरी आहे. परंतु पाल ठोकून राहणाऱ्या फिरस्त्या लोकांकडे ते कुणब्याच्या व सरकारी अंमलदाराच्या नजरेने पाहतात. त्या लोकांचा गावाला उपद्रव किती, हे ते सविस्तर सांगतात. त्यांनी जगावे कशावर, हा प्रश्न त्या मानाने फारच मागे राहतो. ब्रिटिश सरकारने १८७१ साली केलेल्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. ‘गाव-गाडा’ त्याच काळात लिहिला गेला. तो एकटाच वाचला तर वाचकाच्या मनातील जुना ग्रह पक्का होण्याचा संभव आहे. आणि तो वाचक शिक्षक असेल, तर त्या ग्रहाचे फळ वर्गातील मुलास भोगावे लागते.

म्हणून त्याच्या जोडीस विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ ही १९५० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचावी. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१). ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ सालच्या कथासंग्रहाने मोठे वादळ उठविले. टोपणनावामागची लेखिका कोण, याचीच चर्चा पुष्कळ दिवस चालली आणि पुढेही त्यांचे नाव निघाले की त्याच पुस्तकाचा उल्लेख आधी होऊ लागला. ‘बळी’ त्याच्या छायेत राहिली, हे योग्य झाले नाही. गुन्हेगार ठरविलेल्या लोकांना सरकारने तारेच्या कुंपणात वसविले होते. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंचा प्रत्यक्ष कामाच्या निमित्ताने संबंध आला. तेथे पाहिलेल्या मांगगारुडी समाजाचे जीवन त्यांनी या कादंबरीत रेखाटले आहे. हजेरी, परवाना, पहारा यांच्या चौकटीत माणसे कशी प्रेम करतात, कशी भांडतात, कुंपणाबाहेर जाण्याची धडपड कशी करतात, हे वाचताना ‘गाव-गाड्या’तील फिरस्त्यांच्या प्रकरणाची दुसरी बाजू उलगडते. लेखिकेने त्या लोकांना देवमाणसे करून दाखविलेले नाही. त्यामुळेच पुस्तकावर विश्वास बसतो.

तो कायदा देशभर १९५२ साली रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. परंतु गावात काही हरवले की प्रथम कोणाच्या पालाकडे बोट दाखविले जाते, हे खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको. वर्गात पेन्सिल नाहीशी झाली म्हणजे कोणत्या मुलाचे दप्तर आधी उघडले जाते, हेही त्यास ठाऊक असते. ज्या मुलाचे दप्तर असे दोनदा उघडले, ते तिसऱ्यांदा बहुधा शाळेत येत नाही. हजेरीपटावर त्याच्यापुढे ‘स्थलांतर’ असा शेरा पडतो.

या दोन पुस्तकांच्या मानाने पुढील दोन अधिक सोपी आहेत. विष्णुभट गोडसे हे पेणजवळील वरसई गावचे भिक्षुक. घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल, या आशेने ते चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानात गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला, तेव्हा ते शहरातच होते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. पाठ्यपुस्तकांत लढाई राजे व सेनापती यांच्याकडून कळते. येथे ती भुकेलेल्या, घाबरलेल्या, तरीही चौकस अशा एका सामान्य गृहस्थाकडून कळते. वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत १९६६ साली निघाली. मिळाल्यास तीच घ्यावी.

चौथे पुस्तक ‘दिवाकर’ यांच्या नाट्यछटांचे. स्नेहसंमेलनात मुले नाट्यछटा सादर करतात, पण हा प्रकार मराठीत रूढ करणारे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) हे स्वतः शाळाशिक्षक होते, याचा विसर पडलेला दिसतो. त्यांनी एकंदर ५१ नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र बोलते. समोरच्याचे बोलणे त्याच्या उत्तरांवरून ताडावयाचे. संमेलनात आज सादर होणाऱ्या बऱ्याचशा नाट्यछटांतून उपदेशच फार असतो; दिवाकरांच्या छटा माणसाचा दुटप्पीपणा त्याच्याच तोंडून उघडा करून थांबतात. सातवीच्या वर्गात एखादी छटा मोठ्याने वाचून, समोरचे पात्र काय बोलले असेल ते मुलांकडून लिहवून घेता येते.

आत्रे, गोडसे व दिवाकर यांच्या मूळ लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे त्यांतील निवडक पाने शाळेत उतरवून किंवा छापून मुलांना देण्यास हरकत नाही. ‘बळी’ला मात्र ही सवड अद्याप नाही, ती विकत घ्यावी अथवा तालुक्याच्या ग्रंथालयातून आणवावी. केंद्रातील चार शाळांनी मिळून एकेक पुस्तक घेतले व दर दोन महिन्यांनी शिक्षण परिषदेच्या दिवशी अदलाबदल केली, तर एका वर्षात चारही पुस्तके प्रत्येक शाळेत फिरून येतात. ‘गाव-गाडा’ ज्या शाळेत प्रथम जाईल, तेथून तो पुढे धाडताना ‘बळी’ त्याच पिशवीत घालावी.