व्यसनमुक्तीची सभा कशी शोधावी

शास्त्रभाग : मार्क 2:1–12
घरी वाचावे : नीतिसूत्रे 23:29–35, उपदेशक 4:9–12, याकोब 5:16

मुख्य विचार : दारूच्या पाशात सापडलेल्या मनुष्यास उपदेश पुरत नाही, त्यास समदुःखी जनांच्या सभेपर्यंत पोहोचविणे हेही मंडळीचे काम आहे.

1. शास्त्रभागाचा बोध. कफर्णहूमातील पक्षाघाती मनुष्य आपल्या पायांनी प्रभूकडे जाऊ शकत नव्हता. चौघांनी त्याची बाज उचलली. दाराशी दाटी पाहून ते परत फिरले नाहीत, तर छप्पर उकलून त्यांनी त्यास खाली सोडले. आपल्या कोकणातील वाड्यांतही असे बांधव आहेत. कोणी माडीने आरंभ केला, कोणी गावठीने. रविवारी शपथ घ्यावी आणि बाजाराच्या दिवशी ती मोडावी, असा त्यांचा क्रम असतो. बायको हे दुःख लाजेने पोटात ठेविते. आपण त्या मनुष्याचा निषेध करितो, प्रभुभोजनापासून त्यास दूर ठेवितो. परंतु त्याची बाज कोण उचलितो?

2. ह्या सभांचा उगम. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी आला होता. दारू सोडून त्यास पाचच महिने झाले होते. काम फसले, मन खचले, आणि हॉटेलातील मद्यगृह समोरच होते. त्याने तेथील यादीतून एका पाळकाचा पत्ता काढून टेलिफोन केला व दुसऱ्या एखाद्या मद्यप्याची भेट घडवून द्यावी अशी विनंती केली. त्यायोगे त्याची डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशी गाठ पडली. डॉ. बॉब ह्यांनी 10 जून 1935 नंतर मद्यास स्पर्श केला नाही, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या बंधुसंघाचा जन्मदिवस मानितात. भारतात हे कार्य 1957 पासून चालले आहे. लक्षात घ्या की, पाळकाने येथे व्याख्यान दिले नाही. त्याने गाठ घालून देण्यास साहाय्य केले.

3. सभेत काय होते? फी नाही, अर्ज नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. संपूर्ण नाव सांगावे लागत नाही, व तेथील गोष्ट बाहेर बोलत नाहीत. एकेक जण आपली हकीकत सांगतो. ज्यास बोलावयाचे नसेल त्याने नुसते ऐकावे. खर्चासाठी सभासदच स्वेच्छेने पैसे घालितात. बंद सभेस केवळ व्यसनी बसतात. उघड्या सभेस पत्नी किंवा उपदेशकही जाऊ शकतात. कुटुंबीयांसाठी ‘अल्-अनॉन’ ह्या निराळ्या सभा आहेत.

4. शोध कसा करावा? प्रथम वैद्याकडे जावे. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडिली असता पहिल्या दोन-चार दिवसांत कंप, झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. त्यास घरात कोंडू नये, इस्पितळात न्यावे. रत्नागिरीस जिल्हा रुग्णालय आहे, आणि 1886 साली स्थापिलेले मनोरुग्णालयही आहे. तेथील डॉक्टरांस जवळच्या सभेविषयी विचारावे. सरकारच्या 14446 ह्या व्यसनमुक्तीच्या व 14416 ह्या मानसिक आरोग्याच्या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांनी 1986 साली स्थापिलेले ‘मुक्तांगण’ आहे. दिवस, वेळ व भाषा आधी विचारून घ्यावी. अलीकडे टेलिफोनवरूनही सभा भरतात. पत्ता मिळाल्यावर तो कागद हाती देऊन स्वस्थ बसू नये. पहिल्या दिवशी एस. टी. ने बरोबर जावे व दारापर्यंत सोबत करावी. कारण पुष्कळांचे पाय दारातूनच परत फिरतात.

5. एक शंका. कोणी म्हणतील, “ख्रिस्त असता दुसरी सभा कशाला?” हा संघ कोणत्याही धर्माचा नाही, आपल्याहून थोर अशा शक्तीचा आश्रय घ्यावा, असे तो सांगतो, व ती शक्ती कोण हे प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. ख्रिस्ती मनुष्यास तिचे नाव ठाऊक आहे. एकमेकांजवळ पाप कबूल करावे, ही याकोबाची आज्ञाच आहे. ज्वर आला असता आपण प्रार्थना करितो व औषधही घेतो. येथेही तसेच समजावे.

6. जवळ सभा नसेल तर? दारू सोडू इच्छिणारे दोघे जमले तरी सभा होते. दोघे-तिघे जेथे जमतात तेथे प्रभूही असतो, हे आपण जाणतोच. अशा दोघांस मंडळीने प्रार्थनामंदिराची खोली, दिवा व चटई द्यावी. परंतु अध्यक्षाच्या खुर्चीवर उपदेशकाने बसू नये. ती सभा त्यांची आहे. आणि कोणी पुन्हा घसरला, तरी त्याची जागा राखून ठेवावी.

विचारार्थ प्रश्न :
1. चौघे दारातून परतले असते तर काय झाले असते?
2. आपल्या गावाहून सर्वांत जवळची सभा कोठे भरते? ह्या आठवड्यात चौकशी करा.
3. सोबत जाण्यास आपल्यापैकी कोण सिद्ध आहे?

प्रार्थना : हे प्रभो, बांधलेल्यांस मोकळे कर, आणि त्यांची बाज उचलण्यास आम्हांस खांदे दे. आमेन.