तरुण विधवेच्या दुःखाची आणि उमेदीची कादंबरी मराठीत आहे का?

प्रश्न : माझे धाकटे दीर गेल्या वर्षी वारले. जाऊ अजून तिशीच्या आत आहे, पदरात लहान मुलगी. तिला वाचनाची फार आवड. तरुण विधवेचं दुःख समजून घेणारी आणि तरीही जगायला उमेद देणारी कादंबरी मराठीत आहे का?
– एक वाचक भगिनी, शिरोळ

उत्तर : आहे. किंबहुना मराठी कादंबरीची सुरुवातच तिथून झाली. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली आला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतली ही पहिली कादंबरी विधवांच्या हालांवर आहे. तिची नायिका यमुना स्वतःही विधवा होते, पण शेवटी नवा संसार मांडते. मात्र पदमनजींचा सगळा ओढा ख्रिस्ती धर्माकडे असल्यामुळे यमुनेची उमेदही धर्मांतराच्या वाटेनेच येते.

पुढचं मोठं नाव हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चं. ही 1890पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. यमू आपली कथा स्वतःच सांगते. मुंबईचं बिऱ्हाड, नवऱ्याच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, प्रोत्साहनाने चाललेलं वाचन, दोघांच्या गप्पा, हे सगळं आपट्यांनी इतकं जीव लावून लिहिलंय की रघुनाथराव जातात तेव्हा आपल्याही घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. पण यमूला त्यांच्यासाठी धड रडायलाही मिळत नाही. सासरी तिचं बळजबरीने केशवपन होतं आणि अखेर तीही जाते. कादंबरी थोर आहे, पण एवढ्यात जावेच्या हाती देऊ नका.

या कादंबऱ्या वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. आपल्याकडे विधवेला दोन दुःखं भोगावी लागली : एक नवरा गेल्याचं, दुसरं त्यानंतर लोकांनी दिलेलं. दुसरं इतकं भयंकर होतं की लेखकांची बहुतेक शाई त्यातच संपली. याउलट सिसिलिया अहर्न या आयरिश लेखिकेची ‘पी. एस. आय लव्ह यू’ 2004 साली आली. तिच्यातली हॉली ऐन तारुण्यात विधवा होते आणि नवऱ्याने मागे ठेवलेली पत्रं महिन्यामागून महिना उघडत सावरते. तिच्या बांगड्यांना कुणी हात लावत नाही, म्हणून ती निव्वळ त्याच्यासाठी रडू शकते. हा हक्क आपल्या बाईला क्वचितच मिळाला.

आणि इथेच तुमच्या तालुक्याचा अभिमान वाटतो. घरातली रडारड थांबलेली नसते तोच चारजणी हात धरून बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेतात. हे सगळं बंद करण्याचा ठराव हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी केला. सरपंच सुरगोंडा पाटील होते आणि या विचाराला चालना दिली करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोनच दिवस होते. याच शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचं बळ दिलं होतं. ठरावानंतर पंधरवड्याच्या आत, 17 मेला, राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

आता तुमच्या जावेसाठी. उमेद हवी असेल तर कादंबरीआधी दोन आत्मकथनं द्या. पहिलं पार्वतीबाई आठवले यांचं ‘माझी कहाणी’ (1928). तरुणपणी वैधव्य आलं, पदरात मुलगा होता. पुढे त्या हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामात पडल्या, केशवपन स्वतःच्या निर्णयाने थांबवलं, आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. दुसरं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ (1944). त्यांना बालपणीच वैधव्य आलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या आणि 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. एकीला कामातून बळ मिळालं, दुसरीला शिक्षणातून आणि नव्या संसारातून. कोणती वाट धरायची, हे तुमची जाऊ ठरवील. पुस्तकं जवळपास मिळाली नाहीत तर कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. 1850 सालचं ग्रंथालय आहे ते.

आणखी एक सांगतो. हळदीकुंकवाला आपण बायकांना हौसेने नाव घ्यायला लावतो. नवरा गेला की तेच नाव तिच्यासमोर उच्चारायलाही घरचे कचरतात. तुम्ही कचरू नका. दिरांचा विषय काढा, त्यांच्या आवडीनिवडी, खोड्या, भांडणं तिला बोलू द्या आणि मुलीलाही ऐकू द्या. बोलता बोलता तिला लिहावंसं वाटलं तर वही आणून द्या. बांगड्या न फुटलेल्या घरातल्या तरुण विधवेने, गेलेल्या माणसावरच्या प्रेमाबद्दल लिहिलेली कादंबरी मला वाचायची आहे, आणि ती शिरोळ तालुक्यातून यावी अशी मनापासून इच्छा आहे.