चेक वटल्याखेरीज माल सोडू नये : मोबाईलवर विक्री करणाऱ्यांसाठी चार धडे



कापडाच्या धंद्यात आम्ही वडिलांच्या हाताखाली उतरलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो असा : परगावच्या पार्टीचा चेक हाती आला म्हणजे पैसे आले असे समजू नये. चेक बँकेत भरला, पावतीवर शिक्का बसला, तरीही पैसे आले असे समजू नये. चेक वटून रक्कम खात्यावर चढली, मगच माल ट्रान्सपोर्टला द्यावा. या नियमामुळे गिऱ्हाईक कधी नाराज झाले असेल, पण दुकान बुडाले नाही.

आज आपला बराच व्यवहार मोबाईलवर आला आहे. घरी भरतकाम करणाऱ्या बहिणी, चपला बनवणारे कारागीर, जुनी शिलाई मशीन विकू पाहणारे दर्जी, सारे फोटो टाकून गिऱ्हाईक शोधतात. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून पैसे क्षणात मिळू लागले. ही मोठी सोय आहे. पण या घाईत चेक वटण्याचा तो जुना नियम आपण विसरलो आणि ठगांनी नेमकी तीच जागा धरली.

इतरांना शहाणपण सांगण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. ईदच्या आधी दुकानात गर्दी असताना एका अनोळखी गिऱ्हाइकाने फोनवरून ड्रेस मटेरियलचा ६,२०० रुपयांचा सौदा केला. थोड्या वेळात आमच्या मोबाईलवर २६,२०० रुपये जमा झाल्याचा संदेश आला. लगेच त्याचा फोन. आवाज रडवेला. म्हणाला, "चाचा, सहाच्या आधी दोनचा आकडा चुकून पडला. घरचा माणूस दवाखान्यात आहे, तेवढे वीस हजार परत करा." दुसऱ्याचा पैसा आपल्या गल्ल्यात रात्रभर राहू नये, ही आमची सवय. आम्ही दहा मिनिटांत वीस हजार परत पाठवले. रात्री मुलाने खाते उघडून पाहिले, तर २६,२०० रुपये आलेलेच नव्हते. तो संदेश बँकेचा नव्हता. ठगाने स्वतः टाइप करून पाठवलेला होता. गेले ते आमचे स्वतःचे वीस हजार.

यातून एक गोष्ट ध्यानात आली. हा ठग आमच्या लालचेवर नव्हे, आमच्या ईमानदारीवर डाव टाकून गेला. म्हणून ईमानदारी सोडायची नाही, पण तिला हिशेबाची जोड द्यायची. हे कसे करावे, ते आता क्रमाने पाहू.

धडा पहिला : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही

यूपीआयचा पिन म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली. ती पैसे बाहेर काढताना लागते किंवा स्वतःची शिल्लक पाहताना लागते. पैसे आत येताना कधीच लागत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "मी क्यूआर कोड पाठवला आहे. तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." हे साफ खोटे आहे. कोड स्कॅन करणारा नेहमी पैसे देणारा असतो. दुकानाच्या काउंटरवर आपण कोड लावतो आणि गिऱ्हाईक तो स्कॅन करते, ते याचमुळे.

पूर्वी पैसे मागण्याची विनंती पाठवून फसवण्याचा प्रकार फार चालत असे. समोर "मंजूर करा" असे बटण येई आणि भोळा विक्रेता ते दाबून पिन टाकी. राष्ट्रीय भुगतान निगमने (एनपीसीआय) १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय बंद केली. तरी निर्धास्त राहू नये. एक रस्ता बंद झाला म्हणजे ठग दुसरा धरतो. क्यूआर कोड, लिंक, मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप, हे सारे रस्ते शेवटी पिन किंवा ओटीपी काढून घेण्याकडेच जातात.

धडा दुसरा : संदेश म्हणजे पैसा नव्हे

रक्कम जमा झाल्याचा संदेश कोणीही लिहू शकतो. पैसे पाठवल्याचा हिरवी खूण असलेला फोटो बनवून मिळतो. हुबेहूब दिसणारी खोटी ॲपसुद्धा निघाली आहेत. त्यांत दुकानदाराचे नाव व रक्कम भरली की "पेमेंट यशस्वी" असे दिसते. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून रक्कम जमा झाल्याचा संदेश आला, तर तो खोटाच समजावा.

जमा झालेला पैसा एकाच ठिकाणी दिसतो, ते म्हणजे आपले स्वतःचे खाते. आपल्या हाताने आपले ॲप उघडावे, व्यवहारांच्या यादीत ती रक्कम शोधावी आणि शिल्लक तेवढीच वाढली का हे पाहावे. दुकानात आवाजाने रक्कम सांगणारा डबा असेल तर फायदा होतो. पण गर्दीत तो बोलला की नाही याची शंका आली, तर खाते उघडून पाहावे. गिऱ्हाईक म्हणेल, "सर्व्हर स्लो आहे, तासाभरात दिसेल." अशा वेळी नम्रपणे सांगावे, "हरकत नाही, दिसले की माल देतो." खरे गिऱ्हाईक थांबते. ज्याला अजिबात थांबता येत नाही, त्याच्याविषयी शंका घ्यावी.

धडा तिसरा : न पाहिलेला माल घासाघीस न करता घेणारा

आपल्या धंद्यात कापड हाताने चाचपल्याशिवाय आणि भाव पाडल्याशिवाय गिऱ्हाईक पुढे सरकत नाही. मग जुनी शिलाई मशीन न पाहता, सांगितलेल्या किमतीला, पाच मिनिटांत घेणारा कोण असेल? हा अनेकदा आपण फौजेत असल्याचे सांगतो. ओळखपत्राचा फोटो पाठवतो, वर्दीतला फोटो पाठवतो. "ड्यूटीमुळे येता येत नाही, आमच्या खात्याची पेमेंटची पद्धत वेगळी आहे," असे म्हणतो. आधी पाच रुपये पाठवायला लावून दहा परत करतो, म्हणजे आपला भरवसा बसतो. मग पाच हजार मागतो आणि ते परत येत नाहीत.

फौजेविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे. ठग त्याच आदराचे भांडवल करतात. ओळखपत्राचा फोटो हा पुरावा नव्हे. कोणाही खरेदीदाराकडून पैसे घेण्यासाठी विक्रेत्याने आधी एक रुपयाही पाठवण्याची गरज नसते, मग ती अनामत असो, पडताळणी असो की कुरिअरचा खर्च.

धडा चौथा : पैसे खरे, पण कोणाचे?

हा प्रकार कमी लोकांना ठाऊक आहे आणि व्यापाऱ्याला तो सर्वांत जड जातो. ठग आपल्याकडून माल घेतो, पण पैसे येतात तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून, कारण त्या माणसालाही त्याने फसवलेले असते. तो माणूस तक्रार करतो. पोलीस पैशाचा माग काढत आपल्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी कधी तर सारे खातेच, रोखून धरते. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली तर खाते सोडवून घेताना दमछाक होते. तोपर्यंत सुताचे पैसे अडतात, कारागिरांची मजुरी अडते.

यावर उपाय जुनाच आहे. पैसे पाठवणाऱ्याचे नाव आणि माल मागवणाऱ्याचे नाव जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर कारण विचारावे आणि मोठी रक्कम असेल तर सौदा थांबवावा. प्रत्येक विक्रीचे बिल करावे. बिल्टी किंवा कुरिअरची पावती, गिऱ्हाइकाशी झालेले संदेश आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर जपून ठेवावा. आम्ही प्रामाणिकपणे माल विकला, हे सांगणारी ही कागदपत्रेच आपली साक्षीदार.

रक्कम खरोखरच चुकून जास्त आली तर? ती खर्चू नये, ती अमानत आहे. पण फोनवर सांगितलेल्या नंबरावर ती परतही पाठवू नये. पाठवणाऱ्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगावे आणि आपण आपल्या बँकेत जाऊन लेखी कळवावे. बँकेमार्फत ज्याचा पैसा त्याला जाईल, आपली अमानतही अदा होईल आणि कागदही हाती राहील.

फसवणूक झालीच तर

बहुतेक लोक लाजेने गप्प बसतात. आम्हीही "लोक काय म्हणतील" या विचारात ती रात्र आणि दुसरा दिवस घालवला. तेवढ्यात पैसे पुढे निघून गेले होते. हे आपण करू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची हेल्पलाईन आहे. व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव तयार ठेवावे. ही माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि ठगाच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते रोखले जातात. ठग मात्र रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात लगेच फिरवतो. म्हणून इथे दिवस नव्हे, मिनिटे मोजावीत. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवावे आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाईनचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तिथे खोटे नंबरही पेरलेले असतात. १९३० हा आकडा आजच गल्ल्यावर लिहून ठेवावा.

शेवटी दोन सूचना. विक्रीचे पैसे घेण्यासाठी वेगळे खाते ठेवावे आणि त्यात जास्त शिल्लक राहू देऊ नये. म्हणजे चूक झाली तरी घरची पुंजी वाचते. दुसरे, हे धडे घरी व कारखान्यात सर्वांना सांगावेत. दुकानावर बसणारा पोरगा आणि घरून विक्री करणारी बहीण यांना ते आधी सांगावेत, कारण फोन त्यांच्याकडेच जास्त येतात.

आमच्या दुकानात आता एक नियम आहे. पैसे आल्याचे कोणीही सांगो, खाते उघडून पाहिल्याशिवाय माल कट्ट्याखाली उतरत नाही आणि पैसाही परत जात नाही. गेल्या आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक यावर हसले. म्हणाले, "आमच्यावरही भरवसा नाही का?" आम्ही म्हटले, "भरवसा तुमच्यावर पूर्ण आहे, मोबाईलवर नाही." त्यांनी दोन मिनिटे बसून चहा घेतला, तोवर रक्कम खात्यावर दिसली आणि माल रवाना झाला.