अंगणातील सदाहरित वृक्षांची उपासमार

देवळाचे अंगण म्हटले की सोनचाफा, बकुळ, सीताअशोक, नागकेशर हे वृक्ष डोळ्यांपुढे उभे राहतात. ही झाडे बाराही महिने हिरवी असतात. म्हणूनच एखाद्या वर्षी त्यांची पाने पिवळी पडू लागली, म्हणजे घरातील वडील माणसाने अंथरूण धरल्यासारखे वाटते. अशा वेळी जो तो आपापले औषध सुचवितो. कोणी शेण घाला म्हणतो, कोणी पाणी वाढवा म्हणतो. आणि कोणी, झाड आता म्हातारे झाले, तोडून टाका, असा निकाल देऊन मोकळा होतो. परंतु आधी निदान व मग औषध, हा वैद्यकाचा नियम वृक्षांनाही लागू आहे. ते निदान पानावरून कसे करावे, हे या पाठात सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या भूमीचा विचार करू. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले आहे. येथील पाऊस केवढा, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. शतकानुशतके कोसळणाऱ्या अशाच पावसाने येथील तांबडी माती व जांभा दगड घडला. मलबारात अशाच दगडाच्या विटा कापताना पाहून फ्रान्सिस ब्युकॅनन याने 1807 साली आपल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटेराइट’ म्हणजे विटेचा दगड असे नाव दिले. पावसाच्या पाण्याबरोबर नत्र, पालाश, कॅल्शियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये वाहून जातात आणि लोह मागे उरते. मातीचा तांबडा रंग हा त्या लोहाचाच होय. तेव्हा आपल्याकडील झाडांना पहिल्या चार द्रव्यांची वाण पडणे स्वाभाविक आहे. लोहाची मात्र पडू नये. तथापि तीही पडते. ती कशी, हे पुढे येईल.

आता निदानाचे मुख्य सूत्र लक्षात ठेवावे. पिवळेपणा जुन्या पानांत प्रथम दिसतो की कोवळ्या पानांत, हे पाहावे. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पालवीस देते. आई आपल्या ताटातील घास लेकरास देते तसेच हे. म्हणून त्यांची उणीव फांदीच्या बुडाकडील पानांवर दिसते. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. त्यामुळे त्याची उणीव शेंड्याच्या पालवीवर प्रकट होते.

जुन्या पानांची लक्षणे तीन प्रकारची असतात. सबंध पान शिरांसह फिकट पिवळे झाले आणि वाढ खुंटली, तर नत्र कमी. पानाची कड करपल्यासारखी तपकिरी झाली, तर पालाश कमी असण्याचा संभव. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला, तर मॅग्नेशियम कमी. हेच शेवटचे लक्षण, म्हणजे हिरव्या शिरांची जाळी व मध्ये पिवळा रंग, शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसले तर ती बहुधा लोहाची उणीव समजावी.

येथे आमचीच चूक सांगतो. आमच्या अंगणातील सोनचाफ्याची पालवी लागोपाठ दोन वर्षे पिवळी आली. फुले कमी झाली. आम्ही शेणखत घातले, पाणी घातले. गुण आला नाही. घरात कुऱ्हाडीची भाषा सुरू झाली. शेवटी बुंध्याभोवती खणून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दरवर्षी भिंतींना सफेदी केल्यावर उरलेला चुना आम्ही त्याच आळ्यात ओतत होतो. शिवाय ओटा बांधताना पडलेला सिमेंटचा राबाही तेथेच पुरला होता. चुन्याने मातीचा सामू वाढतो, आणि अशा मातीतील लोह मुळांना शोषता येत नाही. कोठार भरलेले, पण कुलूप लागलेले! झाड लोहाच्या भूमीत उभे राहून लोहासाठी उपाशी होते.

खात्री कशी करावी? फ्रान्समध्ये ग्रिस नावाच्या संशोधकाने 1840 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, लोहाच्या क्षाराचे पाणी पिवळ्या पानास लावले असता पान पुन्हा हिरवे होते. तोच प्रयोग आपण करावा. चिमूटभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवून दोन-चार पानांच्या अर्ध्या भागास कुंचल्याने लावावी. आठ-पंधरा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर निदान बरोबर ठरले.

उपचार येणेप्रमाणे करावेत. लोहासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व एक-दोन लिंबांचा रस मिसळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. हिराकशीचे डाग फरशीवर पडतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावे. फवारलेली फुले पूजेस घेऊ नयेत. मूळ उपाय मात्र चुन्याची माती व राबा काढून तेथे नवी तांबडी माती व कुजलेले खत भरणे हाच होय. मॅग्नेशियमसाठी 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारावे. नत्रासाठी चांगले कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड द्यावी. पालाशासाठी चुलीतील लाकडाची राख पातळ पसरावी. परंतु ती शेणखतात मिसळू नये, आणि चुना साचलेल्या झाडास मुळीच देऊ नये. खत बुंध्याशी नव्हे, फांद्यांच्या घेराखाली घालावे, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तेथे अधिक असतात. भर पावसात घातलेले खत वाहून जाते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, ते द्यावे.

काही गोष्टींनी फसू नये. सीताअशोकाची तांबूस, लोंबती पालवी आणि नागकेशराची लालसर पालवी ही निसर्गतः तशीच असते. अधूनमधून एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे हाही रोग नव्हे. बुंध्याशी पाणी तुंबले किंवा फरशी खोडापर्यंत नेली, तर मुळे गुदमरून पाने पिवळी पडतात; तेथे खत नव्हे, मोकळी माती हवी. शंका राहिल्यास रयत संपर्क केंद्रात विचारून माती तपासून घ्यावी.

आमच्या सोनचाफ्याचा चुना काढून आता तीन पावसाळे झाले. पालवी हिरवी येते, आणि सकाळी फुलांची परडी भरते. मुलांना घेऊन प्रत्येक घराने येत्या रविवारी अंगणातील झाडाचे एक जुने व एक कोवळे पान शेजारी ठेवून पाहावे. झाड बोलत नाही खरे, परंतु कोठे दुखते ते पानावर लिहून ठेवते. ते वाचल्याखेरीज कुऱ्हाड उचलू नये, एवढीच सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे.