डॉक्टर घरी येतील का?

प्रश्न : आमची चार वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे चालू शकत नाही. प्रत्येक सर्दी-तापाला तिला उचलून तीन जिने उतरायचे, रिक्षा शोधायची, दवाखान्यात ताटकळायचं. मेटाकुटीला आलोय. डॉक्टर घरी येतील का?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, येतील. पण ताप चढल्यावर फोनाफोनी करण्यापेक्षा मुलगी बरी असतानाच जवळच्या फॅमिली डॉक्टरांना भेटा, दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर. फाइल दाखवा, व्हिजिटची फीही तेव्हाच विचारून घ्या. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून या फॅमिली डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी आणा : मुलीचं वजन, आकडीची औषधं, डोस. चिठ्ठी हातात असली की नवे डॉक्टरही बिचकत नाहीत.

मात्र घरी येणाऱ्या डॉक्टरांच्या बॅगेत बहुधा ऑक्सिजन नसतो. म्हणून श्वास मोजायला शिका. ती शांत असताना फ्रॉक वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे त्याच दिवशी तपासणी हवीच. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, ओठ निळसर होणं किंवा पाच मिनिटांत न थांबणारी आकडी दिसली, तर व्हिजिटची वाट बघू नका. १०८ लावा, ती रुग्णवाहिका मोफत असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे साधा खोकलाही मी हलक्यात घेत नाही.