महोगनी लावा, पण बांधावर

बारा वर्षांत एकरी कोटी, असं सांगून विकली जाणारी महोगनी भीमेकाठच्या वडगाव रासाईतल्या शेतकऱ्याने जरूर लावावी. फक्त ऊस मोडून सलग एकरभर नको. मेक्सिकोपासून ब्राझील-बोलिव्हियापर्यंतच्या जंगलांतलं हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. मायदेशीही ते दाटीने वाढत नाही; अमेझॉनच्या बऱ्याच भागांत हेक्टरी तोडणीजोगं एक झाडही भरत नाही. शेजारी शेजारी एकाच जातीची झाडं असली की शेंडा पोखरणाऱ्या अळीचं फावतं. कोवळ्या शेंड्यात ती शिरली की शेंडा मरतो, खालून फुटवे निघतात आणि सरळ ओंडक्याची आशा संपते. फिजीत हजारो हेक्टर महोगनी सलग उभी आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण त्या बेटांवर ही अळी नाही, पाऊस शिरूर-दौंडच्या कितीतरी पट, आणि तिथेही कुऱ्हाड लागली ती काही दशकांनी.

उसापेक्षा पाणी कमी लागतं, हा मुद्दा मात्र बिनतोड. तरी उसाचं बिल दरवर्षी येतं, महोगनीचा लालसर तपकिरी गाभा भरायला पंचवीस-तीस वर्षं जातात; मधल्या काळात घर कशावर चालवायचं? रोपं विकणारी कंपनी लाकूड विकत घेणार असेल, तर दर, घनफूट मोजायची रीत आणि तोडणीचा खर्च कुणाचा हे करारात लिहून घ्या. ‘आफ्रिकन महोगनी’ म्हणून मिळतं ते खाया, निराळं झाड. रोप घेताना पावतीवर जात लिहून मागा.

बांधावर चार-चार मीटरवर, दीड फुटी खड्ड्यात, चांगला पाऊस होऊन ओल खोल गेल्यावर रोपं लावा. भीमेकाठची निचऱ्याची गाळाची जमीन चालेल. पाणी साचणारी भारी काळी टाळा. झाडांच्या सावलीने पीक दबतं ही तक्रार रास्त आहे, म्हणून उत्तरेला रस्ता किंवा ओढा असेल तोच बांध निवडा, नाहीतर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. अधेमधे शेवगा, कडुनिंब असू द्या. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागेल. पहिली चार-पाच वर्षं शेंडे तपासा. पोखरलेला शेंडा भोकाच्या खाली कापून जाळा, फुटव्यांतला एकच जोमदार ठेवा. झाडांची नोंद ई-पीक पाहणीत याच हंगामात करून घ्या.