पोटुशीची सर्दी: हेदवीच्या पावसात काय करावं, काय टाळावं

श्रावणात हेदवीत गोधडी वाळत नाही, भिंतीला ओल येते, आणि घरात एक शिंकला की पाठोपाठ सगळे शिंकतात. त्यात कुणी पोटुशी असली तर तिघीजणी तीन काढे सांगतात आणि मेडिकलवाला चौथी गोळी देतो. सर्दी आठवडाभरात आपसूक जाते. घोटाळा होतो तो तिच्यावर केलेल्या उपायांनी. म्हणून टाळायचं आधी.

सर्दी-खोकल्यात हे टाळावं

• अडुळशाचा काढा नको. परसाच्या कुंपणाला अडुळसा असतोच, आणि एरवी खोकल्याला तो गुणकारीही आहे. पण त्याच्या पानांतलं व्हॅसिसीन गर्भाशयाला आकुंचन आणू शकतं. ‘आम्ही नाही का प्यायलो’ असं सासूबाई म्हणतील, तर तपासणीच्या कार्डावरच्या आरोग्यसेविकेचं नाव पुढे करावं, वाद मिटतो. खोकल्याच्या ‘आयुर्वेदिक’ बाटलीवरही ‘वासा’ किंवा ‘वासाका’ लिहिलंय का, ते बघावं.

• ज्येष्ठमधाची काडी दिवसभर चघळू नये. जास्त झालं तर रक्तदाब वाढतो.

• ‘सर्दीची गोळी द्या’ असं म्हणून मिळेल ती गोळी घेऊ नये. त्या एका गोळीत बहुधा पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन आणि झोप आणणारं औषध असं तिन्ही असतं. वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस नकळत दुप्पट होतो. फेनिलेफ्रिन तर पहिल्या तीन महिन्यांत नकोच, आणि रक्तदाब असला तर कधीच नको.

• अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. घरात कुणाची तरी कंबरदुखीची पट्टी पडलेली असतेच, तिला हात लावू नये.

• वाफेच्या पाण्यात कापूर टाकू नये. तो पोटात गेला तर विषारी असतो.

• मिश्री. हा विषय कुणी काढत नाही. सर्दीत तोंडाची चव जाते, मळमळतं, म्हणून सकाळची एक वेळ तीन वेळांवर जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बाळापर्यंत पोचतं. थुंकून टाकली तरी हिरडीतून जायचं ते गेलेलं असतं.

हे करावं

• वाफ घ्यावी, पण नीट. सातव्या महिन्यात जमिनीवरच्या पातेल्यावर वाकणं जमत नाही आणि उठताना पातेलं कलंडतं. स्टुलावर रुंद बुडाचं पातेलं, खाली ओलं फडकं, समोर खुर्ची. उकळी बसली की पाच मिनिटं थांबावं, मगच डोक्यावर टॉवेल घ्यावा. पाण्यात काही टाकायची गरज नाही. काम वाफच करते.

• नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. मेडिकलमध्ये सलाइनचे थेंब स्वस्त मिळतात. घरी करायचे तर उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव चमचा मीठ घालावं. विहिरीचं पाणी तसंच वापरू नये.

• आलं, तुळस, गवती चहा हे चहात पडतं तेवढंच. आटवून काढा करायचा नाही.

• मऊ पेज, वर मेतकूट. नाहीतर कुळथाचं गरम कढण. ‘भात थंड, केळं थंड, दही थंड’ या यादीने बाई उपाशी राहते, सर्दी होती तिथेच राहते.

• बारीक ताप किंवा डोकेदुखीला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, पुन्हा लागली तर किमान चार ते सहा तासांनी. दोन दिवस घ्यावी लागली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरच.

• खोकताना पोटाशी उशी धरावी. बरगड्या दुखत नाहीत. लघवीचा थेंब गळला तर लाजायचं कारण नाही, बहुतेकींचं होतं.

• फ्लूच्या लसीबद्दल तपासणीला गेल्यावर विचारावं. ती गरोदरपणात कुठल्याही महिन्यात घेता येते.

एक गोष्ट लक्षात असू द्यावी: शिंका नाहीत, ताप नाही, पण नाक आठवडेच्या आठवडे चोंदलेलं, अशी सर्दी खरं तर सर्दी नसते. गरोदरपणातल्या हार्मोनांनी आणि वाढलेल्या रक्तपुरवठ्याने नाकाचं अस्तर सुजतं. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते उतरतं. उशाखाली आणखी एक उशी घ्यावी आणि डाव्या कुशीवर झोपावं. नाक मोकळं करणारे औषधी थेंब रोज घातले तर ते उलट जास्त चोंदतं.

ताप आला तर ‘पावसाळी आहे’ म्हणू नये

कोकणात पावसाळ्यातला ताप म्हणजे सर्दीच असेल असं नाही. मलेरिया आहे, डेंग्यू आहे, आणि शेतातली बाई असेल तर लेप्टो. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलाच्या पाण्यात असतात, पायाच्या चिरेतून आत शिरतात. पोटुशीने लावणीला उतरू नये. वाकून वाकून पाठ जाते ती वेगळीच. अगदी उतरावंच लागलं तर गमबूट हवेत, पायाला जखम असेल तर तेही नाही.

लेप्टो टाळायला शेतकऱ्यांना डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या दिल्या जातात. नवऱ्याला मिळालेल्या पाकिटातली एक ‘तू पण घे’ म्हणून दिली जाते. ती घेऊ नये. हे औषध बाळाच्या दातांत आणि हाडांत बसतं. गोळ्या देणाऱ्याला आपण गरोदर आहोत हे आधी सांगावं.

थर्मामीटर घरात हवाच. १००.४ अंशांवर ताप, थंडी वाजणं, पोटऱ्या दाबल्या की ठणकणं, डोळे लाल किंवा पिवळे, लघवीला जळजळ: यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी रक्त आणि लघवी तपासून घ्यावी.

बाकीची दुखणी

• मळमळ: उठण्याआधी अंथरुणातच मूठभर कुरमुरे. चोवीस तास पाणीही टिकलं नाही तर दवाखाना.

• जळजळ: थोडं थोडं खावं, जेवून लगेच आडवं होऊ नये. कोकम सरबताने काहींना बरं वाटतं, काहींना आणखी जळतं. आपलं आपण ओळखावं. खाण्याचा सोडा पिऊ नये.

• लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाच्या आगेमागे तासभर नको, कॅल्शियमबरोबर तर नकोच. शौचाला काळं झालं तर घाबरू नये. बद्धकोष्ठावर पालेभाजी आणि पाणी. एरंडेल मात्र चुकूनही नाही, कळा सुरू होऊ शकतात.

• पायात गोळा: चवडा हाताने स्वतःकडे ओढावा.

• पाणी आणणं: कमरेवर भरली कळशी नको. दोन्ही हातांत अर्ध्या-अर्ध्या.

• सूज: संध्याकाळी पावलं सुजणं चालतं. सकाळी उठल्यावर तोंड आणि बोटं सुजलेली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, हे चालत नाही. तिथे वाट बघू नये. एकच पाय सुजून दुखला तरीही.

• रात्री तळहात-तळपायांना खाज, अंगावर पुरळ नाही: खोबरेल लावून गप्प बसू नये. यकृताची तपासणी लागते.

वाट आणि वेळ

बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून लाल गेलं, पाणी गेलं किंवा धाप लागली तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. हेदवीहून गुहागर वीस-बावीस किलोमीटर, चिपळूण पन्नासेक, आणि पावसातला रस्ता दिवसासुद्धा वेळ खातो. तवसाळ-जयगड फेरी रात्रभर नसते, तिच्या भरवशावर रत्नागिरी ठरवू नये.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. चुकवू नये, साधी वाटणारी दुखणीही तिथे सांगावीत.

पाखाडीच्या जांभ्या दगडांवर जुलैपासून शेवाळ धरतं. पोटुशीला आठवा महिना लागायच्या आत घरच्यांनी खराटा आणि चुना घेऊन निदान दिंडीपासून रस्त्यापर्यंतच्या पायऱ्या घासून ठेवाव्यात. किनाऱ्यावरच्या बामणघळीची उसळती लाट बघायला पोटुशीने पावसात जाऊ नये, फोटो नवऱ्याने आणावा.

१०८ ला फोन करताना नुसतं वाडीचं नाव सांगून भागत नाही, गाडीवाला बाहेरचा असतो. दशभुज गणपतीच्या देवळापासून कुठल्या बाजूला, कितवं वळण, कुठला पार, असं सांगावं. आणि कुणालातरी बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं करावं.